माझ्या कमरेची गंजकी कुऱ्हाड

अमेरिकेतल्या ट्रॉय गावातल्या माझ्या शेजाऱ्यानं कुऱ्हाडीच्या सौद्यात मला फसवलं.

तो गाड्यांच्या कारखान्यातून रिटायर झालेला, सत्तरीचा. दर डिसेंबरात तो नि त्याचे मित्र दोनशे वर्षांपूर्वीच्या शिकाऱ्यांसारखे कपडे करून, ठासणीच्या बंदुका घेऊन हरणामागे जात. दोन हजार तीन साली त्यानं मलाही बोलावलं. अट एकच : कमरेला जे असेल ते त्या काळचं दिसायला हवं. मी मॉलमधून हातभर लांबीचा सुरा आणला.

"यानं हरीण सोलणार की केळीची बाग तोडणार?" त्यानं विचारलं, आणि चार इंची पात्याची, लाकडी मुठीची साधी सुरी माझ्या हातात ठेवली.

कुऱ्हाड मात्र अदलाबदलीनं घ्यायची, हा त्यांचा रिवाज. मी माझा पितळी अडकित्ता काढला. त्यानं गॅरेजमध्ये घोंगडीवर दोन कुऱ्हाडी मांडल्या. एक चकचकीत, नक्षीची. दुसरी गंजलेली, दांडा काळा पडलेला.

"चकचकीत घे. ती दुसरी देण्यासारखी नाही."

मी भाजीच्या गाडीवर धंदा शिकलोय. विकणारा जे पुढं करतो, त्याला मी हात लावत नाही. "गंजकीच दे. वर चामड्याचं म्यान."

तासभर भांडलो. तो शिव्या देत उठला, मीही उठलो. शेवटी त्यानं दिली. घरी येऊन बायकोला म्हणालो, "म्हाताऱ्याला लुटला."

"अहो, शेजारी आहेत ते. लुटला काय?"

कुऱ्हाड पाठीमागे, पट्ट्यात आडवी खोचायची, म्हणजे वाकताना पोटात रुतत नाही, हे त्यानंच शिकवलं. पाच हिवाळे ती तिथंच होती. दांडा एकदाही हलला नाही. घरोघरचे डबे आणून एकत्र जेवायच्या प्रत्येक पॉटलकला मी हा सौदा रंगवून सांगायचो.

गेल्या डिसेंबरात तो हरणाचं छातीचं हाड फोडायला बसला आणि त्याच्या चकचकीत कुऱ्हाडीची धार पत्र्यासारखी दुमडली. त्यानं ती घाईनं मांडीआड लपवली.

त्याचा मित्र हसला. "अजून सांगितलं नाहीस त्याला?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "गंजकी यानं स्वतः घडवलेली. वीस वर्षं वापरली. ही नुसती शोभेची. चांगली आहे म्हणून दिली तर तू घेणार नाहीस, म्हणाला."

माझं डोकं फिरलं. कुऱ्हाड उपसून मी त्याच्यासमोर धरली. "घे परत."

"सौदा झालाय." त्यानं थैलीतून माझा अडकित्ता काढला आणि शांतपणे एक अक्रोड फोडला. "भांडायचं तर वसंतात भांड. हरीण गार होतंय."

त्याच कुऱ्हाडीनं मी ते हाड फोडलं. एका घावात.

आता बर्फ वितळलंय. तो अंगणात बसलेला मला खिडकीतून दिसतोय. मी निघालोय. मला हरवून, वर जिंकल्याचा आनंदही मलाच द्यायचा, हा अधिकार त्याला कुणी दिला? आणि पाच वर्षं ते शोभेचं लोखंड स्वतःच्या कमरेला बांधून तो गप्प का राहिला? याचं उत्तर त्यानं आज द्यावं. माझ्या तोंडावर द्यावं.