हुपरीकरांचं स्वतःचं मत

अंबादास हुपरीकर आमच्या शेजारी राहत. संस्थानच्या एका कचेरीत ते चोवीस वर्षं कारकून होते. मोडी अक्षर झोकदार, मान कायम किंचित खाली. एकोणपन्नास साली कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झालं आणि फतवा आला: कायम व्हायचं असेल तर इंग्रजीची परीक्षा द्या. हुपरीकरांचं वय तेव्हा सेहेचाळीस.

शिकवायला घरचीच मास्तरीण होती. थोरली मुलगी ताई मॅट्रिकला होती. सकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट मांडून ती बापाला व्याकरण शिकवी. पास्ट परफेक्ट त्यांना चटकन कळला; संस्थान नुकतंच होऊन गेलेलं होतं. पॅसिव्ह व्हॉइस तर शिकवावाच लागला नाही. कचेरीत कागद गहाळ होतो, गहाळ करणारा कुणी नसतो, हे त्यांना विशीपासून ठाऊक होतं.

घोडं अडलं ते शेवटच्या प्रश्नावर. एक उतारा दिलेला असे आणि तो वाचून तुम्हाला काय वाटलं ते लिहायचं. ताईनं पुस्तकातला उतारा काढला. मालक नोकराला आपला जुना कोट देतो आणि नोकर कृतज्ञतेनं रडतो. हुपरीकरांनी तासभर विचार करून इंग्रजीत लिहिलं, "उतारा वाचला. योग्य त्या हुकुमासाठी सादर."

"आबा, तुम्हाला काय वाटलं ते लिहायचंय," ताई म्हणाली.

"मला कशाला काही वाटेल? मी काय साहेब आहे?"

त्यांची बायको बायडाबाई पेठ वडगावची. अक्षरओळख नव्हती, पण मतांना तोटा नव्हता. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "रडंल न्हाय तर काय करंल? कोट उसवलेला असंल की."

ताईनं तेच इंग्रजीत करून दाखवलं. हुपरीकर वहीकडं बघत राहिले. असलं लिहायला सरकार परवानगी देतं, हे त्यांना नवीन होतं.

मग ताईनं नेम घालून दिला: रोज जेवताना स्वतःचं एक मत सांगायचं. पहिले तीन दिवस ते म्हणाले, "ठीक आहे." चौथ्या दिवशी म्हणाले, "आमटी खारट आहे."

बायडाबाईनं पळी खाली ठेवली. "आन् एकुणीस वर्सं?"

"तेव्हाही खारटच होती."

त्या दिवशी दुसरी वाढ मिळाली नाही. पण माणूस आतून हलका झाल्यासारखा कचेरीला गेला.

परीक्षेत उतारा आला तो निवृत्त होणाऱ्या एका साहेबाचा. हाताखालचे लोक हार घालून तासभर त्याचे गुण गातात. हुपरीकरांनी लिहिलं की साहेब खरंच चांगला असता तर दहा मिनिटांत भागलं असतं. इतका वेळ लोक खोटंच बोलू शकतात. व्याकरणाची एक चूक नव्हती. ते पास झाले, आणि वरच्या नंबरानं.

नडलं ते नंतर. मुंबईकडून आलेल्या नव्या साहेबानं त्यांना बोलावून अभिनंदन केलं आणि आपलं नवं परिपत्रक पुढं सरकवलं. "कसं वाटतं, हुपरीकर?"

शहाणा कारकून "उत्तम" म्हणाला असता. हुपरीकरांनी मान वर केली आणि शुद्ध इंग्रजीत सांगितलं की यातली चार कलमं एकमेकांना खोडतात आणि पाचवं कुणालाच कळणार नाही.

पंधरा दिवसांत राधानगरीला बदलीचा हुकूम आला. कागद ताईनं आईला वाचून दाखवला. हुपरीकर बायकोला म्हणाले, "चुकलंच माझं."

"चुकलं कशानं?" बायडाबाई म्हणाली. "त्यानं इचारलं, तुम्ही सांगितलंसा. त्याला ऐकायचं नव्हतं तर इचारायचं न्हवतं." आणि तिनं भांडी बांधायला घेतली.

राधानगरीला ते आठ वर्षं राहिले. तिथल्या पावसानं फायलींना बुरशी येई. तिच्यावरही त्यांनी दोन पानी अभिप्राय कोल्हापूरला धाडला. असले अभिप्राय ते दर महिन्याला पाठवत. वरचे लोक वाचून चिडत, पण कारवाई करायला व्याकरणात कुठं बोट ठेवायला जागा सापडत नसे, आणि राधानगरीच्या पुढं पाठवायचं म्हटलं तर नुसतं जंगल होतं. ते तिथूनच पेन्शनीत निघाले.