टेकडीचा उतार

मानेच्या ऑपरेशननंतर माझ्या बायकोने, सुनंदाने, सायकल सोडूनच दिली होती. आमच्या जुन्या माउंटन बाइक टेकडीच्या कच्च्या उतारावरचा प्रत्येक दगड थेट खांद्यापर्यंत पोचवायच्या. गेल्या रविवारी ती नव्या, शॉकअपवाल्या सायकलवरून माझ्यापुढे उतरत होती. मी मागे, माझ्या जुन्या बाइकवर खडखडत. तिचे खांदे मात्र जराही हादरत नव्हते. जुन्या सायकलवर रस्ता अंगाला कळतो, म्हणून मला ती अजून आवडते. पण माणसाला पुन्हा रस्त्यावर येता यावं, हे त्याहून मोलाचं, असं सुनंदाकडे बघताना वाटत राहिलं.

खाली ती माझी वाट बघत थांबली होती.

"दुखली का मान?" मी विचारलं.

तिने मान सावकाश दोन्हीकडे वळवून पाहिली.

"नाही रे," ती म्हणाली. "परत वर जाऊ या?"