सात वाघ आणि एक फुली

शुक्रवार होता. कुंभकोणमच्या आमच्या मुलींच्या शाळेत इन्स्पेक्टर यायचे होते आणि माझे पाय सकाळपासूनच भरून आले होते…

पन्नासच्या दशकातली गोष्ट आहे. मी एकोणीस वर्षांची, तिसरीची टीचर, नोकरी तात्पुरती. घर तिरुनागेश्वरमला, तिथून रोज चालत यायचं. घरी अप्पा अंथरुणाला खिळलेले, त्यांचं सगळं उरकूनच मला निघता यायचं. इन्स्पेक्टरनी चांगला शेरा दिला तर नोकरी पक्की होणार होती. तेवढं एक झालं असतं तर मी बसून एकदा मनसोक्त रडले असते.

वरून हुकूम आला होता, मुलांनी हातानं करून शिकावं. शाळेत साहित्य काय, तर खडू आणि एक फुटका तराजू. मग मला कोलम सुचला… म्हणजे तिकडची ठिपक्यांची रांगोळी. ती तर प्रत्येक पोरीच्या बोटांत असते.

खेळ असा होता. कोलम दाखवायचाच नाही. कागदावर फक्त पायऱ्या लिहायच्या: नऊ ठिपके दे, पहिल्यापासून सुरू कर, उजवीकडे दोन ठिपके जा, वळ. एकीनं वाचायचं, दुसरीनं काढायचं. नियम एकच. कागदावर असेल तेच करायचं, मनाचं काही घालायचं नाही.

परवा नातीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आजी, अगं हे कोडिंग आहे! आमच्या शाळेत पहिलीपासून शिकवतात." असेल बाई. आम्ही त्याला तांदळाचं पीठ वाया घालवणं म्हणत होतो.

तर आठ गटांसाठी आठ कागद मी आदल्या संध्याकाळी हातानं उतरवले. एकीकडे अप्पांना पेज भरवत होते, डोळे मिटत होते. शेवटची पायरी होती, शेवटच्या ठिपक्यावर फुली मार. म्हणजे रेघ बरोबर कुठे येऊन संपली ते साहेबांना लांबूनही दिसावं.

शुक्रवारी अंगणात पोरी बसल्या. इन्स्पेक्टर हात मागे बांधून उभे, शेजारी आमच्या मोठ्या टीचर, म्हणजे हेडमिस्ट्रेस. पोरींनी ठिपके दिले, रेघा वळल्या, सगळीकडे एकच कोलम उमटत गेला. मला जरा हायसं वाटलं.

आणि मग पोरी शेवटच्या ठिपक्यावर वाघ काढायला लागल्या.

खरंच सांगते… वाघ. कुणाचा मांजरासारखा, कुणाचा नुसत्या मिशा आणि पट्टे. मला काही कळेना. मी खाली पडलेला एक कागद उचलला आणि शेवटची ओळ वाचली.

आम्ही तंजावरकडचे मराठी. घरी मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. फुलीला आमच्या घरी 'पुली'च म्हणायचे. तमिळ लिपीत 'फ' नाही. झोपेत मी घरातलाच शब्द तमिळ अक्षरांत लिहून टाकला होता, आठही कागदांवर. आणि तमिळमध्ये पुली म्हणजे वाघ!

इन्स्पेक्टरनी एकीला विचारलं, "हा वाघ कशाला?"

ती ताठ उभी राहिली. "लिहिलंय सार्. लिहिलंय तेच करायचं, मनाचं नाही."

ते चक्क हसले. त्यांना वाटलं, टीचरनं मुद्दामच घातलाय, पोरी नीट वाचतात का बघायला. "फार छान," म्हणाले. मोठ्या टीचरनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. मी हातातला कागद घडी घालून कमरेला खोचला.

मग ते शेवटच्या गटापाशी थांबले. तिथे पीठ रखमाच्या हातात होतं. रखमा आमच्यातलीच, गोविंदपुरमच्या भजनवाल्या मराठी घरातली, आठ वर्षांची. मैत्रिणीनं 'पुली' वाचलं आणि हिनं घरचा शब्द ऐकून सरळ फुली मारली. सात वाघांत ती एकटी फुली.

"ही मुलगी लक्ष देत नाही वाटतं," इन्स्पेक्टर म्हणाले. गटातल्या पोरी तिच्यावर फिस्कारल्या. रखमानं माझ्याकडे बघितलं, हळूच म्हणाली, "टीचर, मी पुलीच काढलें कीं…"

मला सगळं कळत होतं. तरी मी बोलले नाही. फार दमले होते हो… एक शेरा, एक सही, आणि सुटले असते. पोरगी काय, दोन दिवसांत विसरेल, असंही मनात येऊन गेलं.

रखमा खाली वाकली. तळहातानं अर्धी फुली पुसली आणि तिथे वाघाचा कान काढायला लागली.

ते मात्र मला बघवेना. "पुसूं नको गे," मी मराठीतच ओरडले. "तुझेंच बरोबर आहे." मग वळून इन्स्पेक्टरना तमिळमध्ये सगळं सांगितलं. वाघ चुकीचे आहेत, चूक पोरींची नाही, माझी आहे.

ते पुन्हा हसले नाहीत. वहीत लिहून गेले: मुली सूचना नीट पाळतात, शिक्षिकेनं लिहिताना काळजी घ्यावी. नोकरी आणखी वर्षभर तात्पुरतीच राहिली. मी तेवढंच अंतर चालत घरी गेले, अप्पांची कूस बदलली, चूल पेटवली.

पुढे नोकरी पक्की झाली, लग्न झालं, पुण्याला आले. इथे राहून माझं मराठी तुमच्यासारखं झालं. पण एक गोष्ट आजवर कुणाला सांगितली नव्हती. त्या पोरीनं फुली पुसायला घेतली नसती, तर मी बोलले नसते.

रखमा, तुला वाटलं असेल टीचरनं तुला सांभाळून घेतलं… उलटें झालें होतें गे.