बुटांसकट सात फूट

बास्केटबॉलवाल्या खांबाची उंची सात फूट आहे, हे त्या शहरात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. ते खोटं होतं, एवढंच.

तो सतरा वर्षांचा असताना क्लबच्या जुन्या कोचने त्याला कपडे बदलायच्या खोलीत भिंतीला टेकवलं. पायात बूट, आत जाड मोजे. टेप सहा फूट अकरा इंचांच्या जरा पुढे थांबली. कोचने कानामागची पेन्सिल काढली आणि सरळ सात फूट लिहिले.

"बूट काढले तर दहाच भरेन सर," खांब म्हणाला.

"कोर्टवर अनवाणी खेळणार आहेस? कागदावर सात वाचलं की समोरचा निम्मा तिथेच गार होतो."

क्लबात सगळ्यांच्याच उंचीला असे दोन इंच चिकटवायची पद्धत होती. पुढे जो कप्तान झाला त्यालाही त्याच दिवशी चिकटवले. तो तेव्हा रांगेत मागेच उभा होता आणि त्याने खांबाला डोळा मारला होता.

पुढची बारा वर्षं खांब पगारावर बास्केटबॉल खेळला. चेंडू त्याच्या हातात फार वेळ नसे. त्याचं काम आड उभं राहण्याचं. कप्तान बास्केटकडे धावला की त्याच्या मागे लागलेल्या गड्याच्या वाटेत खांबाने जाऊन उभं राहायचं आणि धडक खायची. हलायचं नाही. हललास तर फाउल तुझा. टाळ्या कप्तानाला, कोपरं खांबाला, अशी वाटणी होती आणि ती त्याला मान्य होती. बरगड्या दोनदा मोडल्या, नाक तर कितीदा, हे त्याने मोजायचं सोडून दिलं.

शेवटच्या फायनलच्या दिवशी त्याचा उजवा गुडघा टरबुजासारखा फुगला होता. डॉक्टर मान हलवत होते. कप्तान म्हणाला, "द्या हो इंजेक्शन. त्याला कुठे पळायचंय? नुसतं उभं राहायचंय. उभं राहायला गुडघा कशाला लागतो?" खोलीत हशा पिकला. खांबही हसला. सामना जिंकला, कप्तानाला खांद्यावर घेऊन मिरवायचं ठरलं, तेव्हा एका बाजूचा खांदा खांबाचाच होता.

पुढच्या हंगामात तो कुबड्या घेऊन क्लबात गेला, तर त्याच्या कपाटावर दुसऱ्याच्या नावाची पट्टी. त्याचे बूट प्लास्टिकच्या पिशवीत घालून वॉचमनकडे ठेवले होते. वॉचमनने सही मागितली.

मग अकरा वर्षं एका फर्निचरच्या दुकानाच्या गोदामात. वरच्या फळीवरची खोकी तो शिडीशिवाय काढायचा, म्हणून मालकाने शिडी विकून टाकली. गुडघ्याची दोन ऑपरेशनं झाली. पाय धनुष्यासारखे बाहेर वाकले.

आणि एक दिवस कप्तानाचा फोन आला. तो आता क्लबचा प्रमुख होता. नव्या स्टेडियममध्ये जुन्या खेळाडूंचं दालन उघडत होतं. तिथे भिंतीवर बरोबर सात फुटांवर एक लाल किरण सोडलेला. ज्याचं डोकं किरणाला लागेल त्याच्यासाठी घंटा वाजणार.

"लोक येतील, माना ताणतील, कोणाचीच वाजायची नाही," कप्तान म्हणाला. "मग तू पुढे यायचंस. टण्ण. कायमची नोकरी. क्लबचं जाकीट, पाठीवर तुझं नाव. बोल."

"येतो ना," खांब म्हणाला. पूर्वी दोघांत अरे-तुरे होतं. त्याला वाटलं आता तसं बरं दिसणार नाही. "तुम्ही सांगाल तेव्हा येतो."

फोन ठेवल्यावर त्याला ते दोन इंच आठवले. तोवर त्याच्या पंधरा वर्षांच्या लेकीने दोन मैत्रिणींना कळवूनही टाकलं होतं, घंटा आमच्या बाबाचीच वाजणार.

बायको इस्पितळात नर्स. तिने त्याला स्वयंपाकघराच्या दाराला उभं केलं, डोक्यावर पाटीसारखी एक फाइल ठेवली, टेप लावली आणि पुन्हा लावली.

"सहा फूट नऊ."

"दहा असेल. नीट बघ."

"अहो, एक इंच गुडघ्यांनी आणि मणक्याने खाल्ला. मी काय घरात लपवून ठेवलाय?" मग त्याचा चेहरा बघून ती मऊ झाली. "सकाळी झोपून उठल्यावर माणूस अर्धा इंच जास्त भरतो. उभं राहिलं की मणका दबतो. तुम्ही उभेच राहू नका."

तीन इंच हवे होते. अर्धा सकाळचा. सव्वा बुटांचा. उरलेल्या सव्वासाठी तिने न्हाणीघरातली निळी रबरी चटई कापली, चार थर एकावर एक चिकटवले आणि बुटांत बसवले.

उद्घाटनाच्या सकाळी त्याला अंथरुणासकट उचलावं तसं मेव्हण्याच्या टेम्पोत आडवं घातलं. पाय मागे फळीबाहेर. लेक पुढून वळून म्हणाली, "ए बाबा, शिंकू नकोस हं. पाव इंच जाईल." तो छताकडे बघत, न हलता हसला. कितीतरी वर्षांनी तो क्लबात चालला होता.

तिथे पोचल्यावरही तो कपडे बदलायच्या खोलीत फरशीवर पडून राहिला. कप्तान डोकावला. "आत्तापासूनच आडवा?" म्हणून निघून गेला.

दालन माणसांनी भरलं होतं. खांब जपून, मान ताठ ठेवून किरणाखालच्या काचेच्या चौथऱ्यापाशी आला. यंत्र सांभाळणारी मुलगी म्हणाली, "काका, बूट इथे काढा. काचेवर ओरखडे पडतात."

त्याने कप्तानाकडे पाहिलं. एक शब्द पुरला असता. कप्तानाने माइक तोंडाशी नेला. "काढ रे. आमच्या खांबाला बुटांची काय गरज?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खांबाला खाली वाकता येईना. शेवटी बायको पुढे आली, गुडघ्यांवर बसली आणि तिने बूट ओढला. त्याबरोबर निळ्या चटईचा जाडजूड तुकडा मोज्याला चिकटून बाहेर आला आणि फरशीवर पडला. मग मागे कोणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळेच सुटले.

तो चौथऱ्यावर उभा राहिला. किरण त्याच्या डोक्यावरून तीन बोटं वर, आरामात गेला. घंटा गप्प. त्याने टाचा उचलल्या. घंटेने अर्धा आवाज केला, गुडघ्याने दगा दिला आणि तो काचेवर धपकन बसला.

"म्हणजे इतकी वर्षं फसवलंस की आम्हाला," कप्तान माइकवर म्हणाला. हशा.

खांब खालूनच हळू म्हणाला, "कप्तान, तुमचे पण दोन इंच त्याच दिवशी..."

कप्तानाने माइकवर हात ठेवला. "माझ्यासाठी कोणी घंटा लावलेली नाही."

लेकीच्या मैत्रिणी खाली मान घालून हसत होत्या. लेक हसत नव्हती. ती मैत्रिणींपासून चार पावलं लांब जाऊन उभी होती.

आठवड्याने क्लबने त्याचा पुठ्ठ्याचा पुतळा बनवला. फायनलमधला तरणाबांड फोटो, बरोबर सात फूट. घंटा खणखणीत वाजायची. अडचण एकच. पोरं धक्का द्यायची आणि पुतळा पडायचा. मागून धरायला माणूस हवा होता.

"नका जाऊ," बायको म्हणाली.

"क्लबच्या नोकरांच्या पोरांना कोर्टवर शिकवतात," तो म्हणाला. लेकीला खेळायचं होतं. तो गेला. जाकीटही मिळालं. पुतळ्यामागे तो असा झाकला जायचा की पाठीवरचं नाव फक्त भिंत वाचायची.

दुसऱ्या महिन्यात, एका दुपारी, पुढच्या बाजूने कप्तानाचा आवाज आला. नव्या मुलींची नोंद चालली होती.

"उंची?"

"पाच फूट दहा." लेकीचा आवाज.

"बूट घातलेत ना? सहा लिहू."

"पण सर, बूट काढले तर..."

"कोर्टवर अनवाणी खेळणार आहेस?"

लेक हसली.

खांबाने तोंड उघडलं. तेवढ्यात शाळेच्या सहलीची पोरं पुतळ्यावर येऊन आदळली. त्याने दोन्ही हातांनी पुठ्ठा धरला, पाय रोवले आणि धडक खाल्ली. हलला नाही. पुढे घंटा वाजली, पोरांनी टाळ्या पिटल्या आणि कप्तान म्हणाला, "पुढची."