घंटेचा नाद विरेपर्यंत

भाचा ब्रॅम्पटनहून हॅलिफॅक्सला शिकायला आला तेव्हा त्याच्या सामानात दोन मोठ्या बॅगा आणि फुटबॉलने भरलेली एक जाळीची पिशवी होती. फुटबॉल इथला, म्हणजे कॅनडातला: लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, हातात धरून पळायचा आणि फेकायचा. तो आमच्या बेसमेंटमध्ये राहू लागला. दुसऱ्याच दिवशी त्याने विचारलं की मागच्या अंगणात कपडे वाळत घालायच्या दोरीवर टांगायला काही जाडसर मिळेल का. नागपूरहून येताना आणलेली एक जुनी गोधडी कपाटात पडून होती. ती त्याला दिली.

संघात त्याचं काम एकच होतं. पाय फाकवून उभं राहायचं, कमरेत वाकायचं आणि दोन पायांच्या मधून चेंडू मागे फेकायचा, पंधरा यार्डांवर उभ्या असलेल्या किक मारणाऱ्याच्या हातात. हे काम करणाऱ्याला लाँग स्नॅपर म्हणतात. कॅनडात दहा यार्ड पुढे सरकायला संघाला तीनच प्रयत्न मिळतात. पहिल्या दोनांत जमलं नाही तर तिसऱ्याला बहुधा किक मारून चेंडू लांब पाठवावा लागतो. त्यामुळे ही उलटी फेक प्रत्येक सामन्यात पुन्हा पुन्हा होते. बरोबर पडली तर ती कुणाच्या लक्षात येत नाही. चुकली तर सगळ्या स्टेडियमला दिसते.

फक्त या कामासाठी मुलगा घ्यायला बाकीची विद्यापीठं तयार नव्हती. इथल्या कोचने त्याचा व्हिडिओ पाहून स्वतः फोन केला होता. त्यामुळे घरात सगळ्यांना एक गोष्ट स्वच्छ माहीत होती. कोच आहे तोवर भाच्याची जागा आहे. कोच गेला तर काही सांगता येत नाही.

आणि कोच जावा असं शहरातल्या बऱ्याच लोकांना वाटत होतं.

मॅचची तिकिटं मला भाच्याकडून मिळत. शेजारच्या दोन खुर्च्या एका म्हाताऱ्या जोडप्याच्या होत्या. नवरा नौदलातून निवृत्त झालेला, बायको हॉस्पिटलमधून. दोघं याच विद्यापीठात भेटले होते आणि लग्न झाल्यापासून त्याच खुर्च्यांवर बसत होते. कोचबद्दल त्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं.

"तिसऱ्या प्रयत्नाला दोन यार्ड हवे असताना किक मारतो हा माणूस," म्हातारे म्हणत. "दोन यार्ड माझी आजीसुद्धा पळाली असती."

"तुझी आजी काठी घेऊन चालायची."

"म्हणूनच म्हणतो."

"पोरं नापास होत नाहीत त्याची. पाया पडतात त्याच्या."

"मग शाळा काढून द्या त्याला. चांगली चालवेल."

आजीचं वाक्य त्यांनी शनिवारच्या रेडिओवरच्या फोन-इन कार्यक्रमातही सांगितलं होतं. तिथे ते गाजलं. नंतर ते चहा-कॉफीच्या दुकानात, बसमध्ये, फेरीबोटीवर अनोळखी लोकांच्या तोंडून ऐकू येऊ लागलं. हॉस्पिटलच्या माहिती कार्यालयात, जिथे मी नोकरी करते, तिथेही दर सोमवारी कोचवर वाद होई. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आणि लादी पुसणारा माणूस एकाच टेबलावर बसून एकमेकांना मूर्ख म्हणत. पूर्वी नागपूरला वर्तमानपत्राच्या डेस्कवर बातम्या तपासायचे तेव्हा निवडणुकीच्या काळात लोक असे बोलताना ऐकले होते. खेळाबद्दल, आणि तेही पगार न घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या खेळाबद्दल, इतक्या गांभीर्याने बोलताना प्रथमच ऐकत होते.

एका शनिवारी म्हातारे भाच्याकडेच बोट दाखवून म्हणाले, "आणि हा बघा. नुसता वाकून उभा राहतो. एवढ्यासाठी संघातली एक जागा वाया घालवली."

नात्यातल्या माणसाची बातमी असेल तर ती दुसऱ्याला लिहायला द्यायची, असा आमच्या डेस्कवर नियम होता. तो माझा भाचा आहे, हे मी सांगितलं नाही.

भाच्याला हे बोलणं माहीत होतं का, मी कधी विचारलं नाही. तो रोज संध्याकाळी अंगणात वाकून उभा राही. चेंडू गोधडीवर आदळल्याचा आवाज स्वयंपाकघरात ऐकू येई, थोड्या थोड्या वेळाने, एकाच लयीत. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पाऊस येईल म्हणून गोधडी काढायला गेले तेव्हा तिच्यावर एक खुणेची जागा दिसली. किक मारणाऱ्याचे हात जिथे असतात त्या उंचीवर, वाटीच्या तोंडाएवढं कापड विरून गेलं होतं. आतले जुन्या लुगड्याचे तुकडे दिसत होते. त्या वाटीभोवती मात्र आईने घातलेला टाका जसाच्या तसा होता. नोकरीत दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात अर्धं आयुष्य गेलं. या गोधडीवर मला एकही सापडली नाही.

ताई दर रविवारी ब्रॅम्पटनहून फोन करी. "आम्ही कॉम्प्युटरवर पूर्ण मॅच बघितली," ती म्हणे. "तो कुठे दिसलाच नाही गं." कॅमेरा चेंडूमागे जातो. चेंडू त्याच्या हातातून सुटला की तो चित्राबाहेर. भावोजी मागून विचारत, "गोल किती केले?"

ऑक्टोबरच्या मध्यात शेजारच्या प्रांतातल्या एका छोट्या गावाच्या विद्यापीठाशी सामना असतो. तो गाव शेतीचा, हे शहर बंदराचं. त्यांचे लोक पिवळ्या स्कूल बसमधून येतात, डोक्यावर गवती टोप्या घालतात आणि गवताचा एक आख्खा भारा उचलून स्टँडमध्ये आणून ठेवतात. आमच्या बाजूचे लोक मच्छीमारांचे पिवळे रेनकोट घालतात, आकाश निरभ्र असलं तरी. एकमेकांना जे काही ओरडायचं ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. आजोबा आणि नातू एकाच सुरात तेच शब्द ओरडतात.

या सामन्याला एक घंटा असते. मोडीत काढलेल्या एका जहाजाची, पितळी, लाकडी चौकटीत टांगलेली. जिंकणारा संघ ती वर्षभर आपल्याकडे ठेवतो. सामना संपला की ती मैदानाच्या मधोमध आणतात आणि हरलेल्या संघाच्या कोचने ती एकदा वाजवायची. एकदाच. मग तिचा आवाज पूर्ण विरेपर्यंत कुणी बोलायचं नाही.

आमचा कोच ती कित्येक वर्षं वाजवत आला होता. त्या वर्षीही हरलो, थोडक्यात. कोच बाजूच्या रेषेवरून एकटा चालत निघाला. खालच्या रांगेत एक माणूस "कोच हटाव" अशा अर्थाचा मोठा फलक धरून सबंध सामना उभा होता. म्हातारे स्वतः थोड्या वेळापूर्वी घसा बसेपर्यंत कोचच्या नावाने ओरडले होते. आता त्यांनी रेनकोटची टोपी काढली. फलकवाल्याने फलक बाकावर उलटा ठेवला.

कोचने लोखंडी कांडी उचलली आणि घंटेवर एक ठोका दिला.

त्यानंतरचं सांगायला कठीण आहे. हजारो माणसं, त्यातली निम्मी प्यायलेली, अनेक जण कडेवर मुलं घेऊन. आवाज मैदानावरून पसरला, बारीक होत गेला. तो संपला हे कोण ठरवतं, याची मी नंतर चौकशी केली. कुणीही ठरवत नाही. खूण नसते, शिट्टी नसते. प्रत्येक जण आपापल्या कानाने ऐकत असतो. तरीही एकही टाळी आधी पडली नाही. बंदराकडून समुद्रपक्ष्यांचं ओरडणं येऊ लागलं, तेव्हा कळलं की आता घंटा राहिलेली नाही. मग दोन्ही बाजू एकदम टाळ्या वाजवू लागल्या.

"सभ्य माणूस आहे," म्हातारे टोपी घालत म्हणाले. "पण आता जाऊ दे त्याला."

त्यांच्या बायकोने रुमाल काढला. तिने नाक पुसलं.

मोसम संपल्यावर विद्यापीठाने चार ओळींचं निवेदन काढलं. कोच गेला. नवीन कोच पश्चिमेकडून आला, तरुण, नेमकं बोलणारा. ऑगस्टच्या शिबिराच्या शेवटी त्याने भाच्याला बोलावलं. तू चांगला आहेस, पण मला दोन कामं करणारी माणसं हवीत, असं त्याने सांगितलं. मधल्या जागेवर खेळणारा धिप्पाड मुलगाच आता लांबची फेकही करणार होता. नव्या कोचने हात मिळवला आणि येण्याबद्दल आभार मानले. भाच्याने हे जेवताना सांगितलं, तेवढ्याच शब्दांत.

"मग आता?" मी विचारलं.

"आता काही नाही, मावशी. डिग्री फिनिश करतो. इट्स फाइन."

दुसऱ्या दिवशी त्याने गोधडी काढली, मशीनमध्ये धुतली आणि घडी घालून माझ्या कपाटात ठेवली. ताईला त्याने स्वतः फोन केला. त्या दिवसापासून अंगणातून कसलाही आवाज येईना. शनिवारी तो ग्रोसरीच्या दुकानात जास्तीची शिफ्ट घेऊ लागला.

नव्या कोचचा संघ जिंकू लागला. हे नोंदवलं पाहिजे. दोन यार्ड हवे असताना तो किक मारत नव्हता, पळत होता, आणि बहुतेक वेळा ते दोन यार्ड मिळत होते. रेडिओवर फोन करणारे लोक बरोबर होते.

घंटेच्या सामन्याला भाच्याने सुट्टी घेतली. या वेळी तो माझ्या शेजारी बसला. अंगावर साधं जॅकेट होतं. पाऊस भुरभुरत होता. म्हाताऱ्यांनी त्याला मान हलवून नमस्कार केला, अनोळखी माणसाला करतात तसा.

पहिल्या अर्ध्यात आमच्या संघाला तिसऱ्या प्रयत्नाला किक मारावी लागली. धिप्पाड मुलगा वाकला, त्याने चेंडू मागे फेकला, आणि तो किक मारणाऱ्याच्या डोक्यावरून गेला. गवती टोप्या उड्या मारू लागल्या.

"मागच्या वर्षी हे एकदाही झालं नाही," म्हातारे म्हणाले. "कोण होता तो?"

"ज्याच्यावर जागा वाया घालवली म्हणायचास तो," त्यांची बायको म्हणाली.

मी म्हटलं, "हा तो. माझा भाचा."

म्हाताऱ्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे, मग त्याच्या हातांकडे.

"मग तू खाली का नाहीस?"

"न्यू कोच, सर."

त्यांनी मैदानाकडे पाहिलं. खाली संघ जमत होता, लोक ओरडत होते. ते म्हणाले, "जुन्याला काढा म्हणून मी रेडिओवर फोन केला होता. दर आठवड्याला."

"आय नो," भाचा म्हणाला. "आम्ही लॉकर रूममध्ये ऐकायचो. कोचपण ऐकायचे. आजीवाला जोक सगळ्यांना आवडायचा."

म्हाताऱ्यांची बायको हसू लागली आणि तिला थांबता येईना. ते स्वतः हसले नाहीत. त्यांनी थर्मास उघडला, झाकणात कॉफी ओतली आणि झाकण भाच्याच्या हातात दिलं.

"काय चुकतंय त्याचं?" त्यांनी विचारलं.

"चेंडू सोडायच्या आधीच वर बघतो. समोरचा माणूस अंगावर येणार म्हणून." त्यानंतर दर किकला धिप्पाड मुलगा वाकला की भाच्याच्या मांडीवरची बोटं वळत. फेक नीट पडली की ती सुटत. त्याला हे ठाऊक नसावं. आम्ही तिघं मैदान सोडून ती बोटं पाहत होतो.

आम्ही जिंकलो. गावाच्या संघाचा कोच मैदानाच्या मधोमध आला. पिवळ्या रेनकोटवाल्या कित्येकांनी घंटा जिंकलेल्या बाजूने कधी ऐकलीच नव्हती, ते नेहमी हरलेल्या बाजूने ऐकत आले होते. ठोका पडला. म्हाताऱ्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसत नव्हते. भाचा कॅप हातात घेऊन उभा होता, मान थोडी खाली, आपल्या जागी आलेल्या मुलाच्या संघासाठी. आवाज विरत गेला. या वेळीही कुणी घाई केली नाही.

टाळ्या संपल्यावर जुने सोबती कठड्याखाली येऊन त्याला हाका मारू लागले. तो जागचा हलला नाही. म्हाताऱ्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "जा," ते म्हणाले. "ती घंटा इतकी जवळ पुन्हा येईल की नाही, कुणास ठाऊक." तो उतरून गेला आणि सगळ्यांच्या मागून त्याने पितळेला एकदा हात लावला.

रविवारी दुपारी त्याने कपाटातली गोधडी मागितली. थोड्या वेळाने खिडकीतून पाहिलं तर अंगणात तो धिप्पाड मुलगा वाकून उभा होता. त्याचा चेंडू कधी गोधडीच्या खालच्या कडेला लागे, कधी कुंपणावर. भाचा बाजूला उभा राहून शांतपणे चेंडू आणून देत होता.

"वर बघू नकोस. मी सांगतो कुठे लागला ते." इंग्रजीतच बोलत होते दोघं.

"मग नेम कशावर धरू?"

भाचा दोरीजवळ गेला आणि त्याने गोधडीतल्या त्या विरलेल्या वाटीवर बोट ठेवलं.