बॉनेटवर ठेवलेला हात

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. प्रकाशला तर नाहीच नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर हे तोंडातून निघत नाही, कारण माझी सगळी ओळखच एका गोष्टीवर उभी आहे. जुनी गाडी घ्यायची तर आधी वानखेडेला दाखवायची.

मी वर्ध्यात वीज कार्यालयात कारकून. गाड्यांवर माझं पोट नाही, नुसतं वेड. रविवारी लोक भाजी आणायला निघतात, मी नागपूर रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांच्या शेडकडं निघायचो. बायको म्हणायची, तिथंच खाट टाका. बोटाच्या गाठीनं पत्रा वाजवला की पुट्टी कुठं भरलीय ते मला कळायचं. आणि एक रबर. दाराच्या चौकटीला रबराची पट्टी असते ना, ती अंगठ्यानं ओढायची. खाली कारखान्यातल्या वेल्डिंगचे गोल ठसे दिसतात, बिंदी लावल्यासारखे, सारख्या अंतरावर. ठसे असले तर गाडी जन्मापासून एक. नसले तर ती कुठंतरी फाटलेली आणि जोडलेली. हे मी सगळ्यात आधी पाहायचो. नेहमी आधी.

पाहून झालं की मी बॉनेटवर तळहात ठेवायचो आणि म्हणायचो, "साफ आहे." ही रीत कुणी घालून दिली नव्हती, पडून गेली. त्यानंतरच लोक नारळ फोडायचे. मला ते फार आवडायचं — खोटं कशाला बोलू?

प्रकाश माझा कॉलेजपासूनचा मित्र. अल्लीपूरला शाळेत शिक्षक. त्याला गाडी हवी होती ती आईसाठी. म्हातारीचे गुडघे गेले होते, पण अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जायचं तिनं कधी चुकवलं नव्हतं, आणि आता बसच्या गर्दीत तिला चढवणं होत नव्हतं. प्रकाशला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. शेडच्या दारातच तो मला म्हणाला, "तू म्हनशीन तसं. मले त फक्त रंग समजते."

शेड बबलूसेठचं. त्याचे वडील सेलूच्या बैलबाजारात दलाल होते, आणि हा गाड्यांचा सौदाही बैलांसारखाच करतो. खांद्यावरचा दुपट्टा दोघांच्या हातांवर टाकायचा आणि आत बोटं दाबून भाव सांगायचा. बघणाऱ्याला फक्त चेहरे दिसतात. बोटं सुटली की सौदा पक्का. मग मागं फिरायचं नाही, फिरला तो माणूस त्या शेडमध्ये परत तोंड दाखवू शकत नाही.

पांढरी गाडी होती. दिसायला देखणी. मी पत्रा वाजवला, इंजिन ऐकलं, खाली वाकून पाहिलं. रबर ओढणार तेवढ्यात बबलूसेठनं दुपट्टा पसरला. भोवती दहा-बारा माणसं जमली होती, सगळी ओळखीची, सगळी माझ्या तोंडाकडं बघणारी. मला चेव आला. म्हटलं, रबर काय, नंतरही ओढता येईल. आणि त्या दिवशी मी असा सौदा केला की बबलूसेठचा चेहरा उतरत उतरत अगदी पडला. बोटं सुटली. लोकांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या. प्रकाश लहान पोरासारखा हसत होता.

मग, सवयीनं, मी मागचं दार उघडून रबर ओढलं.

खाली काहीच नव्हतं. ठसे नव्हते. गुळगुळीत. बोट फिरवलं तर पुट्टी. दुसऱ्या बाजूचं दार उघडलं — तिथंही तेच. ती एक गाडी नव्हतीच. पुढचं अर्धं एका गाडीचं, मागचं अर्धं दुसऱ्या गाडीचं, मध्ये जोड. धडक बसली तर ती कुठून उघडेल हे मला तिथं उभ्या उभ्या दिसत होतं. वर पाहिलं तर बबलूसेठ माझ्याकडंच बघत होता. त्याचा पडलेला चेहरा नाटक होता, हे मला तेव्हा कळलं. तो हळूच म्हणाला, "साहेब, बोटं सुटली ना?"

एक वाक्य बोलायचं होतं मला. प्रकाश, गाडी नको. एवढंच. शेडमध्ये हसं झालं असतं. वानखेडेनं आधी बोटं दिली अन् मागून रबर पाह्यलं, असं वर्धाभर झालं असतं. झालं असतं तर काय बिघडलं असतं? दोन महिने चेष्टा, मग लोक विसरले असते. पण मला ते हसू आत्ताच ऐकू यायला लागलं. मी रबर अंगठ्यानं दाबून परत जागेवर बसवलं. चालत पुढं आलो. बॉनेटवर हात ठेवला.

"साफ आहे."

प्रकाशनं नारळ फोडला. पहिला तुकडा मला दिला, आणि मी तो खाल्ला. आजही मला याच गोष्टीचा सगळ्यात जास्त धक्का बसतो. घास अडकला नाही. चावून खाल्ला.

त्या गाडीत मी कधी बसलो नाही. एकदाही नाही. प्रकाश घ्यायला यायचा आणि मी काहीतरी सांगायचो, पोट बिघडलंय, पाहुणे येणार आहेत. तो चिडवायचा, "काऊन रे, जळून राह्यला का माह्या गाडीवर?" दर विजयादशमीला ते सगळे तिच्यात नागपूरला जायचे. म्हातारी पुढं, बायको-पोरं मागं. प्रकाशचा फोन येईपर्यंत मी घरात येरझाऱ्या घालायचो, बायकोवर उगाच ओरडायचो. फोन यायचा, पोचलो, आणि मी तो ठेवून मुकाट जेवायला बसायचो. घाबरायचं मला जमत होतं. सांगायचं जमत नव्हतं.

काही वर्षांनी म्हातारी गेली — घरी, अंथरुणावर. प्रकाशनं ती गाडी बबलूसेठला परत देऊन दुसरी घेतली. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. म्हातारीला जाऊन महिनाही झाला नव्हता, मित्राच्या खांद्याला खांदा लावून उभा होतो, आणि आतून मला हलकं वाटत होतं. असा मी.

गेल्या वर्षी एका रविवारी खालून हॉर्न वाजला. माझे जावई हिंगणघाटचे. त्यांनी नवी जुनी गाडी घेतली होती, मला चकित करायला न सांगता आणली होती. मी जिन्यावरून उतरलो. पांढरी गाडी. मागच्या काचेवर पंचशील ध्वजाचं स्टिकर खरवडून काढल्याची खूण. नंबर मला पाठ होता. मागच्या सीटवर माझी मुलगी, मांडीवर नातू झोपलेला, तिचं डोकं नेमकं त्या जोडाला टेकलेलं.

जावई हसत होते. म्हणाले, "मी त कायी पाह्यलंच नाई, बाबा. शेडवाला म्हने, तुमच्या सासऱ्यानं पाह्यलेली गाडी हाये."

आता तरी बोललो असेन असं तुम्हाला वाटतंय ना? मलाही वाटलं होतं. तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते असं की इंजिन गेलंय, गिअर धरणार नाही, काढून टाका. सारं खोटं. इंजिन उत्तम होतं. मुलीला आणि नातवाला मी त्या गाडीतून परत जाऊ दिलं नाही, बसनं पाठवलं. जावयांनी माझ्या शब्दावर आठवड्यात गाडी विकली, हिंगणीकडच्या एका भाजीपाला करणाऱ्या कुटुंबाला. फोन करून सांगितलं तेव्हा खूश होते. मी विचारलं, गाडीबद्दल काय सांगितलंत त्यांना? म्हणाले, "इंजिनाचं सांगून टाकलं. त्यायनं मिस्त्रीले दाखवलं, मिस्त्री म्हने चांगलं हाये. मंग तुमचं नाव सांगतलं. तुमी पाह्यलेली होतीच ना?"

मी हिंगणीला गेलो. सांगायलाच गेलो होतो, शपथेवर सांगतो. वाटभर वाक्य घोकत गेलो. गाडी अंगणात उभी होती, मागची सीट मोडून आत वांग्यांची पोती भरत होते, आणि दोन पोरी पोत्यांवर चढून खेळत होत्या. मी नाव सांगितलं. ते ऐकून घरधनी हात जोडत पुढं आला, त्यानं खुर्ची दिली, चहा सांगितला. बायकोला हाक मारून म्हणाला, "वो, हेच वानखेडे साहेब." मग माझ्याकडं वळून, जरा लाजत, "आलेच आहा साहेब, त एकडाव हात ठेवून देता का? पोरी बसतात हिच्यात. जिवाले बरं वाटते."

घोकलेलं वाक्य जिभेवर होतं. तो वाट पाहत उभा होता. पोरी खेळायच्या थांबून माझ्याकडं बघायला लागल्या.

मी उठलो. पत्रा उन्हानं तापला होता, हात भाजला. तो मी तसाच ठेवला आणि म्हणालो, "साफ आहे."