भातकुली ते धारणी: सात सीट आणि ताईची एक

ताईला सातवा महिना लागला, तेव्हा घरात एकच विषय होता. तिला आणायचं कसं?

माझी थोरली बहीण धारणीच्या पुढे सहा किलोमीटरवर राहते. भाऊजी तिथल्या आश्रमशाळेत शिक्षक आहेत. आम्ही भातकुलीचे. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं आणि सातव्यात पाच सवाष्णींनी ओटी भरून पोरीला घेऊन यायचं, ही आमच्याकडची रीत. मळमळीमुळे ताई राखीलाही आली नव्हती आणि दिवाळीलाही. मागच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले होते की प्रवास चालेल, पण दणके बसता कामा नयेत. हे वाक्य मी तीन रात्री डोक्यात घोळवलं. मधे मेळघाट आहे. दणके नाहीत असा तिकडचा रस्ता मला माहीत नव्हता.

म्हणून मी गाडी शोधायला लागलो. जीप उंच असते, पोटुशी बाई चढणार कशी? लहान कार घाटात खाली घासते. शेवटी सात सीटची फॅमिली गाडी पक्की केली. अकोल्याच्या गजूभाऊंकडे अशी एक भाड्याने मिळते. दिवसाला अडीच हजार, पेट्रोल आपलं, गाडी चालवायची आपण.

गाडी घ्यायला मी पहाटेच्या एसटीने अकोल्याला गेलो. ज्यांना अशी गाडी घेऊन निघायचं आहे, त्यांच्यासाठी माहिती देतो. इंजिन दीड लिटरचं पेट्रोल, पाच गिअर. लांबी साडेचार मीटरला थोडी कमी. खालून जमिनीपासून अंतर अठरा सेंटिमीटर, हे मी पट्टीने मोजलं. सीटच्या तीन ओळी, दोन-तीन-दोन अशा. मधली ओळ पुढेमागे सरकते. मागची ओळ उभी असेल तर सामानाला दोन पिशव्या आणि एक डबा एवढीच जागा उरते. मधल्या सीटची उंची माझ्या मांडीएवढी आहे. चढावं लागत नाही, नुसतं बसायचं.

मी पट्टी काढली तेव्हा गजूभाऊ हसत होते.

"लेका, गाडी घेऊन चालला का सोयरीक पाहून राह्यला?"

"बहिणीले आणाचं हाये भाऊ. सातवा महिना."

मग ते हसले नाहीत. स्वतः चाकांतली हवा तपासली आणि म्हणाले, "सात जण बसले त मागच्या चाकात तीन पॉइंट जास्त भर. अन् रिकामी असली त हळू चालव. रिकामी गाडी उडते."

हे खरंच आहे. अकोला ते बडनेरा हायवेवर मी एकटा होतो. इंजिनाचा आवाज जवळजवळ येत नाही, क्लच हलका, शंभरच्या वेगाला स्टीअरिंग जरा हलकं वाटतं. पण मूर्तिजापूरजवळच्या गतिरोधकांवर मागचा भाग अक्षरशः उडाला. ही गाडी भरून चालवायला बनवली आहे. एकटा माणूस तिच्यात पाहुण्यासारखा असतो.

भातकुलीला आल्यावर मी एक प्रयोग केला. स्टीलचा पेला पाण्याने काठोकाठ भरून प्रत्येक सीटवर आळीपाळीने ठेवला आणि शेताच्या रस्त्याने एकाच वेगाने फेऱ्या मारल्या. मागच्या ओळीत पेला अर्धा रिकामा झाला, कारण ती सीट चाकाच्या डोक्यावर येते. मधल्या ओळीत डाव्या बाजूला सर्वांत कमी सांडलं. ती ताईची सीट ठरली. मी ती पूर्ण मागे सरकवली, पाठीला उशी बांधली.

मग वहीत दोन पानांवर दोन याद्या केल्या. एका पानावर 'जाताना': बाबा, मी, आई, मोठीआई, काकू, मामी आणि शेजारच्या सिंधूबाई. पाच सवाष्णी आणि आम्ही दोघे. सात माणसं, सात सीट. दुसऱ्या पानावर 'येताना': ताई, उशी, पाणी, उलटीच्या पिशव्या, डॉक्टरांचे कागद, घाटात वेग वीस. दोन्ही पानं चारदा तपासली. मला फार समाधान वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला निघालो. अमरावतीत गिला वडा, म्हणजे आमच्याकडचा दह्यातला वडा, खाल्ला, ताईसाठी शेंदूरजनाघाटची म्हणून चार डझन संत्री घेतली. वलगाव, आसेगाव, परतवाडा हा रस्ता चांगला आहे, दीड तास धरा. सात जण बसल्यावर गाडी वेगळीच झाली. मागचं उडणं बंद. स्प्रिंग दबून बसल्या आणि गाडी पाळण्यासारखी डुलत चालली. मोठीआई, म्हणजे माझी चुलती, तिचे गुडघे दुखतात म्हणून तिला ताईचीच सीट दिली होती.

"बाप्पा, हे त गादी हाये!" ती म्हणाली. "म्या इथंच राह्यते. घरी सांगून द्या."

परतवाड्यात टाकी भरून घ्या, हवा पाहून घ्या. पुढे पंपाची खात्री धरू नका आणि बऱ्याच भागात फोन लागत नाही. घाट सुरू झाला की या गाडीचा खरा स्वभाव कळतो. भरलेली असताना तिला चढावर दम लागतो. तिसऱ्या गिअरमध्ये ढकलत बसलो तर ती नुसती गुरगुरते. वेळेवर दुसरा टाकला, एसी बंद केला, की गुमान चढते. वळणं मात्र एका दमात घेते, मागे घ्यावी लागत नाही. काही ठिकाणी डांबर संपतं आणि खड्डेच राहतात. प्रत्येक खड्डा मी मनातल्या वहीत लिहून ठेवत होतो. हा डावीकडून काढायचा, इथे थांबून मग उतरायचं. परत येताना मागे ताई असणार होती.

सेमाडोहला चहा-भज्यांसाठी थांबलो. सागाची पानं झडलेली, रस्त्यावर गाडी नाही, माकडं भज्यांकडे बघत बसलेली. तिथे मोठीआईने बशीतून चहा ओढता ओढता विचारलं, "काहून रे, येताना पोरगी कुठी बसंन?"

"तुझ्याच सीटवर."

"अन् मी?"

मी वही काढून उघडली. दोन पानं होती. एकावर सात माणसं, दुसऱ्यावर ताई. ती दोन पानं मी कधी शेजारी शेजारी ठेवलीच नव्हती.

बाबा टपरीवाल्याकडे बघून म्हणाले, "आमच्या पोरानं उशी घेतली, पट्टी घेतली, पेला घेतला. बहिणीची सीट नाई घेतली."

सगळ्या बाया इतक्या हसल्या की माकडं उठून गेली. मी मात्र वहीतली नावं परत परत मोजत होतो. मोठीआईने माझ्या पाठीवर थाप मारली. "रडू नको बाप्पा. मी अन् सिंधूबाई यष्टीनं येऊ. माहेरवाशिणीसाठी उठा लागलं त उठतो आमी."

दुपारी दोनला पोचलो. भातकुलीपासून एकूण पावणेदोनशे किलोमीटर, थांबे धरून सात तास. ताई दारात उभी होती. तोंड सुजल्यासारखं दिसत होतं, पण मला वाटलं, अंग भरलं असेल. तिने आधी आईला धरलं, मग गाडीभोवती एक फेरी मारली. "माझ्यासाठी एवढी मोठी आणली व?" म्हणाली. संध्याकाळी ओटी भरली. तिची बॅग भरून दाराशी ठेवली होती. त्यात तिने आमच्या घरी वापरायची जुनी चादरसुद्धा घातली होती. आम्ही सगळे शाळेच्या एका खोलीत झोपलो.

सकाळी आठला आरोग्य केंद्राच्या सिस्टर भेटीला आल्या. त्यांनी ताईचं ब्लडप्रेशर घेतलं. थोडं थांबून परत घेतलं. पायावर बोट दाबून पाहिलं. बोटाचा खड्डा तसाच राहिला.

"कुठं नेऊन राह्यले यांना?"

"भातकुलीले. बाळंतपणाले," आई म्हणाली.

"नाई नेता येणार. बीपी वाढलं हाये, अंगावर सूज हाये."

मी पुढे झालो. सांगितलं की सीट कोणती आहे, हवा किती आहे, घाटात वेग वीसचा ठेवणार आहे. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दादा, गाडी चांगलीच असंन. पण मधात हिला काही झालं, तर घाटात तुम्ही फोन कोणाला लावणार?"

मी वही मिटून खिशात ठेवली.

आईने पदराने डोळे पुसले. मग उठली आणि भाऊजींना म्हणाली, "जावईबापू, पोरगी येत नाई त मी राह्यते. चालंन न?" भाऊजी म्हणाले, "आई, घर तुमचंच हाये." धारणीचा सरकारी दवाखाना जवळ होता. प्रश्न तिथेच सुटला. फक्त ताई बॅगेकडे बघत होती.

सिस्टर निघाल्या तेव्हा ताईने त्यांना विचारलं, "गाडीत नुसतं बसू त शकते न मी? इथल्या इथं?"

"सपाट रस्त्यावर एक चक्कर मारा. हळू. आणि मग डाव्या कुशीवर झोपा."

शाळेपासून नदीच्या पुलापर्यंत दोन किलोमीटरचा नवा रस्ता आहे. ताई मधल्या ओळीत डावीकडे बसली. उशी बरोबर कमरेशी आली. पट्टा पोटाखालून लावला. आम्ही दोघंच होतो. मी पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमध्येच चालवत होतो. आरशात ती डोळे मिटून बसलेली दिसत होती.

"कुठी आलो?" तिने विचारलं.

"पुलाजवळ."

"तसं नाई रे. घरी जाताना कुठी आलो?"

मी वेग आणखी कमी केला. मग म्हणालो, "सेमाडोह."

"घाट उतरला?"

"आता उतरलो. परतवाडा आलं."

"थांबू नको. अमरावतीले थांब. गिला वडा खायचा हाये."

पुलावर मी गाडी वळवली आणि कडेला खरंच उभी केली. एक मिनिट.   बाजूच्या खाचेत ठेवलेल्या बाटलीतलं पाणी अगदी स्थिर होतं.

"चाल," ती म्हणाली. "आता किती राह्यलं?"

"सतरा किलोमीटर."

"बाबाचा हरभरा दिसते का?"

"दिसते. घाटे भरले हायेत."

समोर शाळेचं फाटक आलं. मी ब्रेक इतका हळू दाबला की गाडी कधी थांबली ते मलाही कळलं नाही. ताईने डोळे उघडले नाहीत.

"पोचलो न?"

"पोचलो."

मग ती उतरली, चप्पल घातली आणि आईच्या हाताला धरून आत गेली.

परतताना आम्ही सहा जण होतो. मधली डावी सीट मोकळी होती. मोठीआईला मी तिथे बसायला सांगितलं, तर ती दुखरे गुडघे घेऊन मागच्या ओळीत शिरली. "तिथं नाई बसत म्या," एवढंच म्हणाली. घाट उतरताना मी वीसच्या वर गेलो नाही. मागच्या जीपवाल्यांनी हॉर्न वाजवून वाजवून शिव्या दिल्या. वेग वाढवायला हरकत नव्हती, पण पाय दाबलाच गेला नाही. अंधाराच्या आत परतवाडा गाठलं. घरी पोचल्यावर उतरून मी सगळ्यात आधी मधला डावा दरवाजा उघडला. मग लक्षात आलं आणि लावून घेतला.

तीन दिवसांचं भाडं, पेट्रोल, खाणं मिळून बारा हजारांच्या आसपास खर्च आला. गाडीने सरासरी सोळाचं मायलेज दिलं, घाटात बारा. कोणी विचारलं तर मी हीच गाडी न्या म्हणेन. फक्त जाणारे आणि येणारे एकाच पानावर लिहा. आणि घरी न्यायचं माणूस प्रवास करू शकतं का, ते निघायच्या दिवशी पुन्हा विचारा. पेल्यातलं पाणी हे सांगत नाही.

अकोल्याला गाडी परत केली तेव्हा गजूभाऊ मधली सीट पुढे ओढू लागले. "एवढी मागं कोनं केली?"

"राहू द्या भाऊ. तीन-चार महिन्यांनी परत लागंन."

वहीत मी नवं पान काढलं आहे. येताना: आई, ताई, भाऊजी आणि बाळ. जाताना: बाबा आणि मी. यावेळी कोणालाही नेणार नाही. पाच सीट मोकळ्या असतील, मागचा भाग प्रत्येक खड्ड्यावर आपटेल, बाबा मला टोमणे मारतील. जाताना गाडी उडेल. उडू दे.